वाटीवरची बोटभर जागा

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे. माझा राग, माझं घोरणं, नोकरीत एकदा साहेबाच्या अंगावर धावून गेलो होतो ते — सगळं. हे एक सोडून. मुलांनाही माहीत नाही. देवळात डोळे मिटून उभा राहतो ना, तेव्हासुद्धा ही गोष्ट मी मनातल्या मनात अशी सांगतो, की जणू ती शेजारच्या कुणाची तरी आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ रेटत नाही.

सुरुवात कुठून करू? — मांडीपासून करतो. हसू नका. आधी तालमीत आणि मग पोलिसात आयुष्य काढलेला माणूस आणखी कशापासून सुरुवात करणार?

दिवाळीच्या साफसफाईत मी स्टुलावर चढलो होतो. या वयात कशाला चढायचं? पण कुणी नको म्हटलं की चढायचंच, हा माझा जुना स्वभाव. घसरलो, गुडघा सुजला, बरेच दिवस पलंगावर पडून होतो, आणि मांडी वाळून काडी झाली. मग डॉक्टरांनी व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी पाठवली. फिजिओथेरपिस्ट. हसरी पोर, माझ्या नातीएवढी. तिने पाय लांब करायला लावला, टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली सरकवली आणि म्हणाली, गुडघ्याने ती खाली दाबा. मी दाबली. तेव्हा तिने काय केलं — गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर, आतल्या अंगाला, आपला अंगठा टेकवला. आणि म्हणाली, "अंकलजी, यहाँ तो कुछ है ही नहीं. ये हिस्सा एकदम सो गया है."

मला दरदरून घाम फुटला. दुखतंय का, असं तिने विचारलं. सूनबाई पाणी घेऊन धावली. मी हौ म्हणालो — दुखतंय. दुसरं काय सांगणार होतो? की पोरी, ही गुंडाळी, हे दाबणं, हा अंगठा, हे सगळं मला तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे? की त्या बोटभर जागेला आमच्या तालमीत नाव होतं? की तिथे अंगठा ठेवून मी एका माणसाचं आयुष्य मोडलं?

बघा, बोलून गेलो. पण असं नुसतं बोलून तुम्हाला काय कळणार? नीट सांगतो.

आमची तालीम जुन्या इंदुरात होती, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत. मधोमध तांबड्या मातीचा हौद, कोपऱ्यात मारुती, आणि तेलाचा वास — तो वास इतका भिंतीत मुरलेला होता की आम्ही घरी गेलो तरी आई नाक मुरडायची. तालमीचे वस्ताद म्हणजे भाऊसाहेब. संस्थानच्या फौजेतले. आमच्या सगळ्यांचेच वाडवडील त्या फौजेतले, किंवा तिच्या कचेरीतले. संस्थान गेलं, फौज गेली, मग नवं राज्य झालं आणि राजधानी भोपाळला गेली. आमच्या घरांतून त्या वर्षांत एकच बोलणं असायचं — आता पोरांनी करायचं काय? कुणाचा मुलगा कचेरीत चिकटला, कुणी मास्तर झाला. आम्ही दोघं अभ्यासात ढ. आम्हाला फक्त कुस्ती येत होती.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि सदा.

सदाचं वर्णन करायला बसलो की माझं मन पळवाटा शोधतं. तो गर्विष्ठ होता असं लिहावंसं वाटतं. नव्हता. मला पाण्यात पाहायचा असं लिहावंसं वाटतं. तो तर आपल्या वाटचं दूध माझ्या पेल्यात ओतायचा, का तर माझ्या घरी तेव्हा खाणारी तोंडं जास्त होती. तो माझ्यापेक्षा चांगला पैलवान होता, बस. माझ्याच वजनाचा, माझ्याच वयाचा, आणि सरस. मी दिवसभर घाम गाळून जो डाव बसवायचो, तो त्याला नुसता बघून यायचा. मला त्याचा राग यायचा का? — यायचा. आणि त्याच्यावर माझा जीवही होता. एकाच छातीत दोन्ही राहतं, हे मला त्या वयात माहीत नव्हतं.

भाऊसाहेब मांडीला चार भावांचं घर म्हणायचे. मधला लांब पट्टा तो थोरला. बाहेरच्या अंगाचा दुसरा — दिसायला सगळ्यात देखणा, लंगोट कसला की लोकांची नजर त्याच्यावरच जाते. तिसरा आत दडलेला, कुणाला दिसत नाही. आणि चौथा धाकटा — आतल्या अंगाचा, वाटीला लागून असलेला तो बोटभर फुगीर तुकडा. धाकटा फारसं वजन उचलत नाही, पण वाटीला जागेवर धरून ठेवतो. तो झोपला आणि बाहेरचा भाऊ माजला, की वाटी बाहेर ओढली जाते. मग पैलवान संपला.

प्रत्येक भावाचा खुराक वेगळा, म्हणजे व्यायाम वेगळा. थोरल्यासाठी गुडघ्यांवर उभं राहून धड हळूहळू मागे झुकवायचं. बाहेरच्यासाठी पाय जुळवून खोल बैठका. साध्या बैठकांनी सगळ्यांनाच थोडंथोडं मिळतं. आणि धाकट्यासाठी? — तिथे मोठी पंचाईत. त्याचं काम पाय पूर्ण सरळ होताना, शेवटच्या चार बोटांत. म्हणून गुडघ्याखाली कापडाची गुंडाळी ठेवून दाबत बसायचं. चवडे बाहेर वळवून अर्धीच बैठक मारायची. पायरीच्या कडेला उभं राहून दुसरा पाय सावकाश, फार सावकाश खाली टेकवायचा. घामही येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, हा पैलवान आहे की बाळंतीण?

आणखी एक रिवाज सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच फिरलं. आमच्या तालमीत पैलवानाने आपल्या अंगाविषयी स्वतः बोलायचं नाही. मी तयार आहे, माझा खांदा बरा झाला, असं म्हणायला बंदी. का? तर अंग ज्याचं, तो उतावीळ असतो. बोलायचं जोडीदाराने. प्रत्येकाला एक जोडीदार ठरलेला, तोच रोज मालिश करणार, त्याच्या बोटांना त्या अंगाचा कण न् कण माहीत. दुखापतीनंतर कुणाला पुन्हा कुस्ती धरायची असेल, तर शनिवारी आरतीनंतर वस्ताद त्या जोडीला मारुतीसमोर उभं करत आणि जोडीदाराला विचारत. तो हो म्हणाला तर हो. वस्ताद स्वतः हात लावून बघत नसत. मी एकदा विचारलं होतं, का बघत नाही म्हणून. ते म्हणाले, मी बघितलं तर तुमच्या शब्दाला काय किंमत राहिली?

सदाचा जोडीदार मी होतो.

मल्लखांबावरून उडी घेताना सदाचा उजवा पाय वाकडा पडला. गुडघा दुधीएवढा सुजला. हाड शाबूत होतं, पण पाय बरेच आठवडे बांधून ठेवावा लागला आणि मांडी उतरली. नेमकी त्याच वेळी बातमी आली की पोलिसांच्या कुस्तीच्या संघासाठी इंदुरात निवड होणार आहे. निवड झाली की भरती. पक्की नोकरी, सरकारी, पेन्शनची. आणि प्रत्येक तालमीने एका वजनाला एकच पैलवान पाठवायचा, दुसरा नुसता राखीव.

सदाच्या घरी वडील नव्हते. आईची आणि बहिणींची सारी भिस्त त्याच्यावर. माझ्या घरी वडील होते, पण फौज मोडल्यापासून ते ओसरीवर बसून राहायचे, आणि मी बाहेरून आलो की नुसते माझ्याकडे बघायचे. ते बघणं — जाऊ द्या. ते सांगायला लागलो तर तुम्हाला माझी कीव येईल, आणि मला ती नको आहे.

वस्तादांनी सदाला बजावलं, आधी धाकटा भरायचा. बाकी काही नाही. आणि ते काम माझ्यावर सोपवलं.

सुरुवातीला मी प्रामाणिकपणे केलं. हे सांगतोय ते माझ्या बाजूने म्हणून नाही — उलट, मला नीट येत होतं हे तुम्हाला कळावं म्हणून. सदा ओट्यावर पाय लांब करून बसायचा, मी गुंडाळी ठेवायचो, अंगठा त्या जागेवर टेकवायचो आणि म्हणायचो, दाब. सुरुवातीला अंगठ्याखाली काहीच नसायचं. भिजवून ठेवलेल्या कणकेसारखं मऊ. मग हळूहळू तिथे काहीतरी हलायला लागलं. एक दिवस ते अंगठ्याला इतकं स्पष्ट जाणवलं की आम्ही दोघंही वेड्यासारखे हसलो.

त्याच दिवशी घरी जाताना मला कळलं की हा वेळेत बरा होणार.

त्यानंतर मी काय केलं? — काहीच नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत होतो. मी त्याला ढकललं नाही, पाडलं नाही, त्याच्या दुधात काही कालवलं नाही. मी फक्त व्यायाम बदलला.

सदाला तो गुंडाळीचा व्यायाम नकोसाच झाला होता. पोरं हसायची. तो मला म्हणायचा की यार, जरा पैलवानासारखं काही करू दे. मी नाही म्हणायचो. आणि मग एका सकाळी मीच म्हणालो, पाय जुळवून खोल बैठका मार, धाकटा बराच आलाय, आता मांडी भरून घेऊ. त्याने विचारलंसुद्धा, वस्तादांना विचारलंस का? मी म्हणालो, विचारलं. खोटं होतं.

तो अधाशासारखा तुटून पडला. बाहेरचा भाऊ बघता बघता भरला. तेल लावल्यावर मांडी अशी चमकायची की पार बड्या गणपतीच्या मोहल्ल्यातून खास बघायला आलेले लोक म्हणायचे, पहिल्यापेक्षा दणकट झाली. आणि मी रोज मालिश करताना अंगठा त्या जागेवर नेत होतो. रोज. धाकटा परत झोपत चालला होता. माझ्या अंगठ्याला कळत होतं. तुम्हाला वाटेल, इतकं कळतं का? कळतं हो. अंधारात खिशातलं नाणं ओळखावं तितकं सहज कळतं.

निवडीच्या आधीचा शनिवार आला. आरतीला जायच्या आधी सदाने मला ओट्यापाशी गाठलं. त्यालाही कुठेतरी शंका असावी. पायरी उतरताना गुडघा हलका लागतो, असं म्हणाला. आणि मग हात धरून म्हणाला, "भिया, आज फक्त हौ म्हण. आईकडे बघून म्हण. पुढचं मी देखून घेतो."

तुम्ही लक्षात घेताय ना? तो मला गळ घालत होता. आणि मला ते किती सोयीचं वाटलं! नाही म्हणालो असतो तर वस्तादांनी विचारलं असतं, मग इतके दिवस काय करून घेतलंस? मी चेहरा गंभीर केला. जणू मला फार जड जातंय, जणू त्याच्यासाठी मी मोठं काही करतोय. मग मान हलवली.

मारुतीसमोर वस्तादांनी नेहमीच्या खालच्या आवाजात विचारलं, "बंडू, धाकटा भरला का?"

"भरला, वस्ताद."

एवढंच. सगळं मिळून एवढंच बोललो.

निवडीच्या दिवशी मैदानात माती नवी टाकलेली होती. मी हौदाच्या कडेला सदाचा पंचा खांद्यावर टाकून उभा होतो. समोरचा पैलवान सांवेरकडचा, अंगाने मोठा पण सुस्त. सदाने सलामीतच त्याचा हात पकडला. मला माहीत होतं तो काय करणार — धोबीपछाड. त्याला पाठीवर घेऊन उजव्या पायावर वळणार. मी ओरडू शकलो असतो. ओरडलो असतो तर कुस्ती थांबली असती. तोंड उघडलंही होतं, हे मला पक्कं आठवतं. आवाज काढला नाही.

तो वळला. पाय मातीत रुतला, अंग वळलं, वाटी वळली नाही. हिरवी काडी मोडावी तसा आवाज झाला. फार मोठा नाही. लोकांना ऐकूही आला नसेल. मला आला. मला तो अजून येतो — भाजीवाला भेंडी मोडून दाखवतो तेव्हा, सूनबाई गवार निवडते तेव्हा. मी उठून दुसऱ्या खोलीत जातो.

सदा ओरडला नाही. मातीत पडल्या पडल्या त्याने आधी माझ्याकडे बघितलं. आणि त्याच्या डोळ्यांत काय असेल? राग? संशय? — लाज होती. मला त्याने तोंडघशी पाडलं, याची लाज.

मग पंचांनी त्याच्या जागी तालमीचा राखीव पैलवान बोलावला. मी लंगोट कसला. आणि हे सांगणं सगळ्यात अवघड आहे — मी फार सुंदर लढलो. आयुष्यात तसा पुन्हा कधीच लढलो नाही. माझी निवड झाली.

संध्याकाळी इस्पितळात वस्ताद आले. खाटेपाशी उभे राहिले, सदाच्या मांडीवर पहिल्यांदाच स्वतःचा हात ठेवला. त्यांच्या बोटांना काय कळलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते माझ्याकडे वळले. मी त्या क्षणी बोललो असतो, असं मला वाटतं. खरंच वाटतं? माहीत नाही. सदाने बोलूच दिलं नाही. उशीवरून मान उचलून तो म्हणाला, "वस्ताद, मी त्याला बोलायला लावलं. आईची आण घातली. त्याला मत बोला काही, मला बोला."

आण वगैरे काही घातली नव्हती. तेवढं त्याने माझ्यासाठी वाढवून सांगितलं.

जोडीदाराला खोटं बोलायला लावणाऱ्याला आमच्या तालमीत माती बंद होती, म्हणजे तालमीत पुन्हा पाऊल नाही. वस्तादांनी सदाला माती बंद केली. खाटेवर पडलेल्या माणसाला. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मैत्रीत माणूस चुकतो, पुन्हा असं करू नकोस. मी मान खाली घातली. लोकांना तो पश्चात्ताप वाटला.

मग काय, माझं आयुष्य सुरू झालं. भोपाळ, उज्जैन, परत इंदूर. वर्दी, क्वार्टर, लग्न, मुलं. माझ्या मुलांच्या शाळा, बायकोच्या हातातल्या पाटल्या, हे घर, आता महिन्याला येणारी पेन्शन, सगळं त्या एका शब्दावर उभं आहे. वडील माझ्या वर्दीला हात लावून रडले होते. त्या रडण्याने मला आनंद झाला, हेही कबूल करतो.

सदाने जुन्या इंदुरात सायकलींचं दुकान टाकलं. भाड्याने देणं, पंक्चर काढणं. उजवा पाय समोर लांब करून तो बाकावर बसलेला असायचा. पाय दुमडायचा, पण भरवसा नव्हता, कधीही वाटी सरकायची. लग्न उशिरा झालं. वस्ताद गेले तेव्हा तो तालमीच्या दारापर्यंत आला आणि बाहेर गल्लीत उभा राहिला. आत गेला नाही, कारण माती बंद होती आणि उठवणारा आता उरला नव्हता. मी आत होतो. मी बाहेर येऊन त्याच्याजवळ उभा राहिलो नाही.

तो माझ्यावर कधी चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण दरवर्षी दसऱ्याला सोनं द्यायला तो पहिला माझ्या घरी यायचा. माझं घर वरच्या मजल्यावर. जिन्यात आधी एक पाऊल पूर्ण वाजायचं, मग दुसरं घासत यायचं. पूर्ण, घासत. पूर्ण, घासत. मी आत खुर्चीत बसून ऐकायचो. खाली जाऊन त्याला हात देणं मला जमत नसे, आणि आमचं घर वर आहे म्हणून तू येऊ नकोस, मी येतो, हे म्हणणंही कधी जमलं नाही. तो आपट्याची पानं माझ्या हातात द्यायचा, गळाभेट घ्यायचा आणि कानाशी तेच म्हणायचा, त्या वर्षीचं मनात ठेवू नको रे. माझी बायको त्याला बासुंदी वाढायची आणि तो गेल्यावर म्हणायची, किती सरळ माणूस आहे. मी म्हणायचो, हो.

सदा जाऊन आता दुसरं वर्ष. यंदाच्या दसऱ्याला मी सकाळीच दार लावून घेतलं, तरी जिना वाजला. पूर्ण, घासत. मी उघडून बघितलं नाही. बायकोला विचारलं, कुणी आलंय का? ती म्हणाली, कुणी नाही. अजून वाजतो, कधीही. आणि ती मुलगी व्यायाम करून घ्यायला येते तेव्हा मी गुंडाळी दाबतो, आणि तिने अंगठा उचलला की माझा तिथे ठेवतो. माझा धाकटा भरत चाललाय. फार छान प्रोग्रेस आहे, म्हणते.

शेवटची भेट सांगायची राहिली. तिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं, आणि बघा कुठे कुठे फिरून आलो.

सदा आजारी होता. त्याच्या मुलाचा निरोप आला, बाबा तुमची आठवण काढतात. दुपारी गेलो. खोलीत ऊन आलं होतं. तो खूप वाळला होता. जुन्या सवयीने मी त्याच्या पायाशी बसलो आणि पाय दाबायला लागलो. उजवाही. माझा अंगठा आपोआप त्या जागेवर गेला. तिथे खळगा होता. सगळी मांडी ओसरली होती, पण त्या ओसरलेल्या मांडीतही तो खळगा वेगळा कळत होता.

मी ठरवून गेलो होतो. वाटेत शब्द जुळवले होते — सदा, तू सांगितलंस म्हणून नाही बोललो मी. तू काही म्हणाला नसतास तरी तेच बोललो असतो. पहिलं वाक्य तोंडात तयार होतं.

त्यानेच आधी तोंड उघडलं. हळूहळू, दम खात म्हणाला, "बंडू, मी तुला मारुतीसमोर खोटं बोलायला लावलं. वस्तादांपुढे तुझी मान खाली गेली, माझ्यामुळे. आज तरी सांग रे... माफ केलंस का मला?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगा औषध आणायला गेला होता. माझा अंगठा तिथेच होता.

मी म्हणालो, "केलं, सदा. केव्हाच केलं."

त्याने डोळे मिटले. चेहरा एकदम हलका झाला, थोडा हसलासुद्धा. मी त्याच्या पायांवर चादर ओढली, दार लोटलं आणि घरी आलो.